दोन सीट झाल्याशिवाय

परश्या,

तू गेल्यावर आपण दोघांनी बनवलेल्या गेममधून मला पहिला निरोप आला तो तक्रारीचा होता. चिकोडीच्या शेवंताचा. तिचं खरं नाव आपल्याला कधीच माहीत नव्हतं, शाळेत शिकवते एवढंच ठाऊक. तिनं लिहिलं होतं, "दादा, वडाप बिघडलीय. एकाच माणसावर सुटायलीय. जरा बघा."

मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होतो. निरोप वाचला, डबा संपवला, हात धुतले आणि लॅपटॉप उघडून वडापचा, म्हणजे गेममधल्या त्या सीट भरल्यावर सुटणाऱ्या जीपचा, कोड काढला. तू गेलास हे मला माहीत होतं. तुझ्या मातीला मी आलो होतो, तुझ्या पायांना हात लावला होता. तरी कोड समोर आल्यावर मनात आलं ते हेच, की परश्यानं परत काहीतरी उद्योग करून ठेवलाय, फोन लावून विचारावं. फोन हातात घेतलासुद्धा. मग खाली ठेवला. त्या वेळी काही वाटलं असं म्हणता येणार नाही. जेवण झाल्यावर ताट सरकवावं तसा ठेवला.

कोडमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. तू लिहिलं होतंस तसंच सगळं जागेवर. सीटवर बसलेली माणसं मोज, दोन झाली तर गाडी सोड, नाहीतर ओरडत राहा. मी तेवढ्याच ओळी परत परत वाचल्या. शेवटी शेवंतालाच विचारलं, "तुम्ही बसता तेव्हा गाडीत आणखी कोण कोण असतं?"

तिचं उत्तर लगेच आलं. "कोणी न्हाय. मी आणि धोटाअण्णा. ते मागच्या सीटवर असतात, पण बोलत न्हाईत. नुसते डुलक्या घेतात. माझ्यावर रागावलेत काय?"

धोटा म्हणजे तू. गेममध्ये सगळे तुला याच नावानं ओळखत. मागावर सुतातून इकडून तिकडे धावणाऱ्या त्या धोट्याचा आवाज तू घरात जन्मल्यापासून ऐकत होतास, म्हणून नाव तेच घेतलंस. मी माझं नाव ठेवलं होतं वीरसिंह. त्यावर तू कितीतरी दिवस हसत होतास. "आईबाप विड्या वळत्यात आणि पोरगं वीरसिंह! आरं, निपाणीकडचा हाईस, तसंच एखादं नाव ठेव की."

मग मला आठवलं. तू गेलास त्या आठवड्यातली आपली शेवटची फेरी. तू दवाखान्यात, रक्त साफ करायच्या मशीनला जोडून खुर्चीवर पडलेला, एका हातानं मोबाईलवर टाईप करत होतास. माझी जेवणाची सुट्टी आणि तुझी ती दुपार जुळायची, त्या वेळात आपण भेटायचो. नाक्यावरून वडापमध्ये बसायचं, वडगावला उतरायचं, गप्पा मारायच्या, संपलं. त्या दिवशी मी उतरलो आणि तू उतरला नाहीस. लिहिलंस, "तू जा कामाला. माझं मशीन अजून सोडलं न्हाई. मी बसतो हितंच, कोण येतंय का बघतो." नंतर कधीतरी तुझ्या मोबाईलची रेंज गेली असणार. दुसऱ्या दिवशी ताप चढला, मग तो काही उतरला नाही. त्यात गेममधून बाहेर पडायचं कुणाला सुचणार?

आणि आपल्या गेममध्ये रेंज गेली म्हणून कुणी नाहीसा होत नाही. तो नियम तुझाच. बाकीचे असले गेम लाईन तुटली की माणसाला उचलून बाहेर टाकतात. तू म्हणालास, आपल्याकडं दिवसातून कितीदा लाईट जाते, पोरं काय दर वेळी पहिल्यापासून सुरू करणार? ज्याची लाईन जाईल त्यानं होता तिथंच डुलकी घ्यायची. त्याला कुणी मारायचं नाही, त्याचं काही चोरायचं नाही, त्याला भूकही लागणार नाही. तो परत येईपर्यंत जागा त्याची. "लाईट गेली म्हणून माणूस गेला असं धरायचं न्हाय," असं तू म्हणाला होतास. ते वाक्य तू नियमाच्या वर कोडमध्येच लिहून ठेवलंयस. मी परवा ते पाहिलं.

शेवंताला मी सांगितलं. दुसरं काय करणार? धोटाअण्णा रागावलेले नाहीत, ते वारले. मग तिनं लिहिलं, "म्हणजे मी त्यांच्याशी रोज बोलत होते. परीक्षेचे पेपर, पोरांच्या खोड्या, सगळं सांगत होते." आणि पुन्हा थोड्या वेळानं, "तरी म्हटलं, आजकाल अण्णा टोमणा कसा मारत न्हाईत."

वडापवरून आपलं किती भांडण झालं, आठवतं? खरं म्हणजे ते भांडण माझ्या चुकीतून सुरू झालं. गाडी माझ्याकडून लिहून झाली तेव्हा एकटा माणूस बसला की ती हलायचीच नाही. मी दुरुस्त करायला बसलो तर तू हात धरलास. "राहू दे रं! वडाप कधी एका सीटवर सुटलीया काय? कोगनोळीत उभारून बघ, सीट झाल्याशिवाय ड्रायव्हर चावी तरी लावतोय काय." आणि ड्रायव्हरच्या तोंडी तूच आरोळी घातलीस. गाडी रिकामी असली की, "निपाणी, बेळगाव, वडगाव! दोन सीट, दोन सीट!" एक जण बसला की, "आणि एकच सीट! एकच! एकच!"

पहिल्यांदा गंमत वाटायची. वडापसाठी लोक एकमेकांची वाट बघायचे, त्यातून ओळखी व्हायच्या. खानापूरकडचे शेतकरी भाऊ आणि शहापूरचा पोर नाक्यावर उभे राहूनच दोस्त झाले. पण पुढं माणसं कमी झाली. सगळ्यांच्या हातात चांगले मोबाईल आले, विमानातून उड्या मारून गोळ्या घालायचे गेम आले. आपल्या काळ्या पडद्यावरची अक्षरं वाचायला कोण येणार? कधीकधी एखादा बिचारा नाक्यावर कितीतरी वेळ उभा असायचा आणि ड्रायव्हर त्याच्या कानाशी ओरडत राहायचा. मी म्हणत होतो, थोडी वाट बघून गाडी सोडूया. तू ऐकलं नाहीस. दवाखान्यातल्या खुर्चीवरूनही नाही.

"न्हाय. दोन सीट म्हंजे दोन सीट."

"आणि दुसरं कोण आलंच नाही तर?"

"येतंय कोण तरी."

"नाही आलं तर, परश्या?"

"मला फोन कर. मी येतो. नुसता बसूनच हाय न्हवं हितं?"

"तू काय जन्मभर बसणार आहेस?"

त्यावर तू हसायचं चिन्ह टाकलंस आणि लिहिलंस, "बघू." तो वाद तिथंच राहिला.

मला अजून कळत नाही, तुला किती माहीत होतं. विचारलं की "बरं हाय" म्हणायचास. फोटो मागितला की मागाचा फोटो पाठवायचास. याचा मला राग यायला हवा. येईल कदाचित. सध्या मी सकाळी उठतो, कामाला जातो, लोक हसले की हसतो. घरून आई फोनवर विचारते, "जेवलास काय?" मी हो म्हणतो, आणि खरंच जेवलेलो असतो.

बेळगावच्या कॉलेजात पहिल्या वर्षी मी कीबोर्डला हात लावायला घाबरत होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचणारा मी पहिला. सर म्हणाले 'एंटर दाबा', तर मी एंटर हा शब्द पडद्यावर शोधत होतो. शेजारच्या खुर्चीवरून तू माझं बोट धरून कीवर ठेवलंस आणि हळूच म्हणालास, "हे. कुणाला सांगू नको, मला पण परवाच कळलंय." ते खोटं होतं. तुला लई आधीपासून येत होतं. तुमच्या गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात तू लहानपणापासून पडीक होतास.

लॅबमधले सगळे गेम बंद केलेले असायचे. चित्रं असलेलं काहीच उघडायचं नाही. एवढी एक परदेशातली अक्षरांची दुनिया तुला कुठूनतरी सापडली. काळा पडदा, त्यावर लिहिलेलं, तू एका अंधाऱ्या खोलीत आहेस, उत्तरेला दार आहे. आपण इंग्रजीत 'उत्तर' टाईप केलं की माणूस उत्तरेला जायचा. दिसायचं काहीच नाही, नुसतं वाचायचं. मी शेजारी डिक्शनरी घेऊन बसायचो. खड्ग, कंदील, तळघर, शपथ, सगळे इंग्रजी शब्द मला तिथं कळले. पुस्तकातले धडे मी पाठ केले होते, पण इंग्रजीत मी पहिलं वाक्य स्वतःच्या मनानं केलं ते एका राक्षसाला. 'मला मारू नकोस, मी नवीन आहे.' त्यानं मारलंच. तू बाकावर डोकं ठेवून हसत होतास.

तिथूनच आपला गेम निघाला. सुरुवात कर्नाटकच्या सीमेवर, कोगनोळीच्या नाक्यावर, हातात काही सामान नाही. नाक्यावरचा पोलीस मनात येईल त्या भाषेत विचारणार, कधी "कुठं निघालास?", कधी तेच कानडीत, "यल्ली होगतीरी?" उत्तर कुठल्याही भाषेत दिलं तरी चालायचं, फक्त द्यायला पाहिजे. पुढं तंबाखूची वखार, तिथं नाकातोंडात धूळ जाऊन शक्ती कमी होणार, ती मी लिहिली. तुमची वडगावची मागाची गल्ली तू लिहिलीस, आणि तिथं बोलायचीच सोय ठेवली नाहीस. 'बोल' असं टाईप केलं की उत्तर यायचं, माग चालू आहेत, काही ऐकू जात नाही. त्या गल्लीत फक्त हातवारे चालायचे. ये, जा, पाणी दे, चहा सांग, गप बस. मी म्हटलं, हे कुणाला समजणार? तू म्हणालास, "आमच्या घरात सगळ्यांना समजतंय."

चित्रांच्या गेमांचाही तुला तिटकारा नव्हता, हे मला लिहून ठेवायला पाहिजे, कारण लोकांना वाटतं तू जुनं धरून बसणारा होतास. टीव्हीवर फुटबॉल खेळताना तू मला कधी जिंकू दिलं नाहीस. माग बंद असायचे त्या दिवशी आपण तुमच्या पुढच्या खोलीत दिवसभर गाड्या पळवायचो. भाच्याबरोबर मोबाईलवर गोळ्यांचा गेम खेळायचास आणि नेहमी पहिला मरायचास. कुणी पडला की त्याला उठवायला उघड्यावर धावत जायचास. भाचा वैतागायचा. "मामा, तुमाला कितींदा सांगायचं, पडला त्याला सोडायचं!" "आणि तू पडलास तर?" असं तू विचारायचास. तो म्हणायचा, "तवा या."

माझ्या मुलाखतीची तयारी तू नाक्यावरच घेतली होतीस. स्वतः पोलिसाच्या जागी बसलास आणि इंग्रजीत प्रश्न टाईप करत सुटलास. नाव काय, गाव कुठलं, काय बनवलंस. मी बोलताना अडखळायचो, पण टाईप करताना कुणी तोंडाकडं बघत नसतं. शेवटी विचारलंस, "आम्ही तुला का घ्यायचं?" मी लिहिलं, "सीट रिकामी आहे म्हणून." तू नापास केलंस आणि परत पहिल्यापासून विचारायला लागलास. पुण्यात खरी मुलाखत झाली तेव्हा मी त्यांना आपला गेम दाखवला. त्यांनी विचारलं, हे तू एकट्यानं केलंस? मी म्हणालो, नाही, आम्ही दोघांनी. नोकरी मला एकट्याला मिळाली. बातमी सांगायला फोन केला तर तुमच्याकडं माग चालू होते. तू ओरडून म्हणालास, "ऐकू येईना, पण बरं झालं!"

आभार मानायचं राहिलं, परश्या. आपल्याकडं दोस्ताचे आभार मानले की तो म्हणतो, काय झालंय तुला, डोकं फिरलंय काय. तूही तेच म्हणाला असतास. तरी एकदा म्हणायला पाहिजे होतं. जे इंग्रजी बोलून मी पोट भरतो, ते मी तुझ्या शेजारी बसून शिकलो.

शेवंताला सांगितलं त्याच सुमारास सर्व्हरवाल्यांचा निरोप आला. आपला गेम ज्या भाड्याच्या मशीनवर चालतो ते जुनं झालंय, रविवारी बंद होणार. गेम दुसऱ्या मशीनवर हलवायचा, म्हणजे एकदा पूर्ण बंद करून परत सुरू करायचा. आणि बंद करून सुरू केला की डुलकी घेणारे सगळे पुसले जातात. त्यांची नोंद राहते, पण ते स्वतः परत येईपर्यंत कुठंच नसतात. तू परत येणार नाहीस.

शनिवारी मी वडगावला गेलो. तुमच्या घरातले माग अजून बंदच होते. मी दारातून सवयीनं मोठ्यानं हाक मारली, "आक्काऽ!" आणि माझाच आवाज मला नको तेवढा ऐकू आला. तुझी सुमनआक्का बाहेर आली. "हळू बोल रं, आता ऐकू येतंय सगळं," म्हणाली.

तिनं भाकरी-आमटी वाढली आणि समोर बसली. "ते काय करायचा रं तो मोबाईलवर? नुसतं लिवीत बसायचा. मी म्हणायची, बोटं दुखतील. तर म्हणायचा, आक्का, मी प्रवासाला गेलोय."

मी तिला वडापचं सांगितलं. तू मागच्या सीटवर आहेस हेही सांगितलं. सांगताना वाटत होतं, कसं घेईल कोण जाणे. तिनं ताटात आणखी आमटी घातली.

"म्हंजे अजून बसलाय तितं?"

"बसलाय. झोपेत."

"भूक-बिक लागती काय त्याला?"

"नाही आक्का. डुलकीत भूक लागत नाही, असा नियम त्यानंच केलाय."

"शाणा हाय," आक्का म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले. "आणि उद्या ते बंद होणार म्हंतोस?"

"व्हय."

"बसू दे की रं त्याला. कुणाला अडचण हाय काय?"

परतताना वाटेत निपाणीला आमच्या गावी थांबलो. आईच्या शेजारी बसून थोडा वेळ विडीची पानं कापून दिली. मग लॅपटॉप उघडला.

आधी मी एक चूक केली. तुझी गेममधली सगळी जुनी बोलणी साठवलेली आहेत. त्यातली वाक्यं काढून मी असं लिहिलं की कुणी वडापमध्ये चढलं की धोटा जागा होईल आणि काहीतरी म्हणेल. करून बघितलं. मी चढलो तर तू म्हणालास, "काय वीरसिंह, आईनं काय दिलंय डब्यात?" तुझंच वाक्य, काना-मात्रा तुझी. मी पडद्याकडं बघत राहिलो. आई म्हणाली, "काय झालं रं?" मी काही नाही म्हणालो आणि ते सगळं पुसून टाकलं. तू नव्हतास ते. तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, गेलेल्या माणसाचं बाहुलं करून नाचवतोस व्हय रं.

मग एकच गोष्ट लिहिली. गेम सुरू झाला की सगळ्यात आधी, पोलीस नाक्यावर उभा राहायच्या आधी, वखारीचं दार उघडायच्या आधी, धोटाला वडापच्या मागच्या सीटवर बसव. डुलकी घेऊ दे. बोलायला लावू नको. उठवू नको. वर तुझं वाक्य आहे तसं ठेवलं. वडापच्या नियमाला मी हात लावला नाही. ड्रायव्हर दोनच सीट मोजतो.

रविवारी दुपारी गेम बंद केला. नवीन मशीनवर सगळं चढेपर्यंत मधला काही वेळ तू कुठंच नव्हतास. मी त्या वेळात चहा प्यायलो. मला वाटलं होतं की आता रडू येईल. नाही आलं.

सुरू झाल्यावर शेवंताला कळवलं. "वडापमध्ये बिघाड नाही. अशीच चालणार." ती म्हणाली, "मग मी बसते." थोड्या वेळानं तिनं लिहिलं, "सुटली."

ती वडगावला जाऊन परत नाक्यावर येऊन उतरल्यावर मी गेलो. नाक्यावर पोलिसानं विचारलं, "कुठं निघालास?" मी लिहिलं, वडगावला. वडाप उभी होती. आत चढलो. पडद्यावर आलं, मागच्या सीटवर धोटा डुलकी घेत आहे. ड्रायव्हर म्हणाला, "झाल्या दोन सीट. चला!" गाडी निघाली. निपाणी गेली, तुमची मागाची गल्ली आली. तिथं बोलून काही ऐकू जात नाही, म्हणून मी हात करायचा हुकूम टाईप केला. वीरसिंह धोटाकडं बघून हात हलवतो. मग उतरलो.

गाडी तिथंच थांबली. ड्रायव्हर तिच्या दारात उभा राहून ओरडायला लागला.

"आणि एकच सीट! एकच! एकच!"